वाचक विचारतात : सेटवर माणसांना सांगायचं कसं?

लघुपट करणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी ढीगभर आली. लेन्स कोणती, लाइट किती, हे विचारणारी थोडीच. बाकीची सगळी माणसांबद्दल होती. नट ऐकत नाही, गावकरी कॅमेऱ्यात बघतात, लहान मूल रुसून बसतं. त्यातले सहा प्रश्न निवडले आहेत.

माझे दोन्ही कलाकार एकांकिका स्पर्धांतून आलेले. रंगमंचावर उत्तम, पण कॅमेऱ्यासमोर फार 'मोठं' वाटतं, बोलताना डोकंही सारखं हलतं. 'थोडं कमी कर' म्हटलं की आवाज खाली येतो आणि प्रसंगातला जीवही जातो. काय चुकतंय? (सांगली)

चुकतेय ती सूचना. 'कमी कर' म्हटलं की नट समोरच्या माणसाला सोडून स्वतःकडे बघायला लागतो. आवाज किती येतोय, हात किती हलतोय, याचा हिशोब त्याच्या डोक्यात सुरू होतो आणि तो हिशोब क्लोजअपमध्ये डोळ्यांत दिसतो.

शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं ही कमावलेली गोष्ट आहे, तिला दोष म्हणू नका. फक्त शेवटची रांग आता दीड फुटावर आलीय, हे त्याच्या अंगाला पटवून द्यावं लागतं. त्यासाठी तालीम मोकळ्या हॉलमध्ये घेऊ नका. शूटिंग ज्या खोलीत आहे त्याच खोलीत, त्याच अंतरावर दोघांना बसवा आणि 'फक्त त्याला ऐकू जाईल एवढंच बोला' एवढंच सांगा. मग साउंड रेकॉर्डिस्टचा हेडफोन त्याच्या कानाला लावून समोरच्या नटाची कुजबुज एकदा ऐकवा. श्वाससुद्धा ऐकू येतो म्हटल्यावर घसा आपोआप सैल पडतो. दहा भाषणांनी जे होत नाही, ते या दोन मिनिटांत होतं.

दुसरी गोष्ट शब्दांची. नटाला भावना सांगू नका, काम सांगा. समजा, मुलगा शेत विकायचा विषय काढायला पुण्याहून गावी आलाय. वडील ओसरीवर बसलेत. वाक्य आहे : "जेवलास का?" आता तुम्ही 'रागाने म्हणा' असं सांगितलंत तर कपाळाला आठ्या येतील, आवाज चढेल आणि पुढचा सगळा प्रसंग त्याच एका रंगात जाईल. त्याऐवजी सांगून बघा : 'त्याला विषय काढू देऊ नका.' वाक्य झटकन येईल, मुलाचं तोंड उघडायच्या आत. किंवा सांगा : 'त्याला लाज वाटली पाहिजे.' मग 'जेवलास' आणि 'का'च्या मध्ये किंचित जागा पडते, नजर मुलाच्या नव्या बुटांवर जाते. किंवा : 'आजची रात्र तो इथंच राहील असं करा.' तेच दोन शब्द आता विनवणी होतात. प्रत्येक वेळी सूचनेत 'त्याला' किंवा 'तो' आहे आणि शेवटी क्रियापद आहे. थोपवा, टोचा, अडकवून ठेवा. ज्याचं क्रियापद सांगता येत नाही ती सूचना अजून तुमच्याच डोक्यात कच्ची आहे. ती नटाकडे नेऊ नका, दोन मिनिटं बाजूला जाऊन विचार करा.

ही काही नवी युक्ती नाही. पात्राला समोरच्याकडून काय हवंय, हा प्रश्न मॉस्कोच्या कॉन्स्तान्तिन स्तानिस्लाव्हस्कींनी (1863–1938) नटाच्या कामाच्या मध्यावर आणून ठेवला. नाटकातल्या तुमच्या कलाकारांना ही भाषा परकी नसणार.

वाक्य स्वतः म्हणून दाखवणं शक्यतो टाळा. नट तुमची चाल उचलतो, अर्थ नाही. तिसऱ्या टेकपर्यंत नुसती चाल उरते. अडलंच तर त्याला ते वाक्य एकदा स्वतःच्या शब्दांत म्हणू द्या आणि लगेच मूळ वाक्यावर या.

राहिलं डोकं हलवण्याचं. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 85 मिलिमीटरची लेन्स, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 2 आणि नट सहा फुटांवर असेल तर फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम दोन इंचांचा असतो. हे आकड्यानिशी सांगा : 'मान दोन इंच पुढे आली की डोळे फोकसमधून जातात.' अभिनयावर टीका केली की नट बिथरतो. तेच तांत्रिक कारण म्हणून सांगितलं की सहज पाळतो.

आमच्या सेटवर कॅमेरामन, लेखक, निर्मात्याचे भाऊ, सगळेच नटाला सूचना देतात. मला बोलायला संधीच मिळत नाही. शिस्त कशी लावायची? (नाशिक)

पहिल्या दिवशी, पहिल्या शॉटच्या आधी, सगळ्यांना गोल करून पाच मिनिटं घ्या आणि दोनच नियम सांगा. अभिनयाबद्दल नटाशी फक्त दिग्दर्शक बोलेल. बाकी कोणाला काही सुचलं तर त्याने दिग्दर्शकाच्या कानात सांगायचं, नटाच्या नाही. मार्क (उभं राहायची ठरलेली जागा) चुकला, माइक कपड्याला घासतोय, केस कपाळावर आले, अशा गोष्टी त्या त्या विभागाने सांगायला हरकत नाही, पण 'दिग्दर्शकाचं बोलून झाल्यावर'. निर्मात्याच्या भावाला हे चारचौघांत सुनावायची गरज नाही. आदल्या दिवशी चहावर सांगा आणि त्यांना मॉनिटरजवळ मानाची खुर्ची द्या.

मग आरोळ्यांचा क्रम ठरवून टाका आणि तो एकदाही मोडू नका. पहिला असिस्टंट 'सायलेन्स' म्हणतो. 'रोल साउंड', रेकॉर्डिस्टचं उत्तर 'रोलिंग'. 'रोल कॅमेरा', कॅमेऱ्याचं उत्तर 'रोलिंग'. क्लॅप देणारा 'सीन 7, शॉट 3, टेक 2' म्हणतो, पाटी वाजवतो आणि फ्रेममधून बाहेर पडून हलायचं थांबतो. फोकस परत नटावर आला की कॅमेरामन 'सेट' म्हणतो. त्यानंतर दोन-तीन सेकंद पूर्ण शांतता. ही शांतता नटाची आहे, तिच्यात कोणी खोकूसुद्धा नये. मग तुम्ही 'अ‍ॅक्शन' म्हणता, आणि प्रसंगाला शोभेल त्या आवाजात. मयताच्या घरातल्या प्रसंगाला कबड्डीच्या पंचासारखं ओरडू नका.

'कट' फक्त दिग्दर्शकाचा. अपवाद एकच. लाइट पडतोय, वायर तापलीय, कोणाला इजा होतेय, असं दिसलं तर ज्याला दिसेल त्याने ओरडायचं. शेवटचं वाक्य संपल्यावर 'कट' म्हणायला तीन ते पाच सेकंद थांबा. संकलकाला ती जागा लागतेच, शिवाय वाक्य संपल्यावर चेहऱ्यावर जे उमटतं ते पुष्कळदा वाक्याहून चांगलं असतं.

'कट' झाल्यावरच्या पहिल्या दहा सेकंदांत मात्र सगळ्यात जास्त नुकसान होतं. नट सगळ्यात आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. तुम्ही कॅमेरामनकडे वळलात, दोघांची हलक्या आवाजात चर्चा सुरू झाली, की त्याने ठरवून टाकलं : मी चुकलो. प्रत्यक्षात खिडकीतला लाइट कमी झालेला असतो. म्हणून आधी नटाला एक वाक्य : 'तुमचं बरोबर आहे, लाइटसाठी परत घेतोय.' कारण न देता नुसतं 'वन मोर' म्हणाल तर तो पुढच्या टेकला काहीतरी बदलणारच, आणि बहुधा जे चांगलं होतं तेच बदलेल.

सूचना द्यायची तर उठून त्याच्यापर्यंत चालत जा. हाताच्या अंतरावर उभे राहा, हळू बोला, एका वेळी एकच गोष्ट सांगा. तीन सांगितल्या तर त्यातली सगळ्यात सोपी पाळली जाते आणि महत्त्वाची सुटते. दोन नट असतील तर दोघांना वेगवेगळं सांगा. एकाला काय सांगितलं हे दुसऱ्याला माहीत नसलं की ऐकणं खरं होतं. लाउडस्पीकर गर्दीसाठी आहे. त्यावरून अभिनयाची सूचना कधीही देऊ नका, माणूस सगळ्यांसमोर उघडा पडतो. शक्य तेव्हा मॉनिटरच्या तंबूतून बाहेर या आणि कॅमेऱ्याच्या शेजारी उभे राहा.

गावातल्याच माणसांना घेऊन लघुपट करतोय. एरवी मोकळेपणी बोलणारी माणसं कॅमेरा लागला की ताठ होतात आणि सारखी लेन्सकडे बघतात. (बार्शी)

त्यांना 'अभिनय' करायला सांगितलं जातं म्हणून ती ताठ होतात. त्यांच्या हातांना रोजचं काम द्या. ज्वारी पाखडणाऱ्या बाईला सुपात खरी ज्वारी द्या, रिकाम्या सुपाने पाखडायला लावू नका. हात कामात असले की खांदे सुटतात आणि बोलणं कामाच्या लयीत येतं. सायकलचं पंक्चर काढणारा माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत असताना जसा बोलतो, तसं त्याला नुसतं उभं करून कधीच बोलता येणार नाही.

कॅमेरा लावून अर्धा तास तसाच राहू द्या. लोक येतील, वाकून बघतील, मुलं हात हलवतील. सगळं होऊ द्या. कुतूहल संपलं की रोल करा, पण 'अ‍ॅक्शन'शिवाय. क्लॅप शेवटी उलटी पाटी धरून देता येते, तिला एंड क्लॅप म्हणतात. एक हळू खूण ठरवा, आणि ती नटाच्या समोरच्या माणसाला द्या. तो बोलायला लागला की प्रसंग सुरू. कॅमेरा दहा-बारा फूट मागे नेऊन लांबचं जवळ दाखवणारी लेन्स लावली तर आणखी बरं. 'कॅमेऱ्यात बघू नका' असं मात्र सांगू नका, त्याने नजर हमखास तिकडेच जाते. 'तिच्या कानातल्या डुलाकडे बघून बोला' असं काहीतरी नेमकं ठिकाण द्या.

संवाद पाठ करून घेऊ नका. मुद्दा सांगा : 'जावयाने पैसे परत केले नाहीत, हे तुम्हाला तिला सांगायचंय, पण आत सून ऐकतेय.' शब्द त्यांचे. बार्शीच्या बोलीतलं ते वाक्य तुमच्या लेखकाला सुचलं नसतं. पहिले दोन-तीन टेक बहुधा सर्वोत्तम असतात. पुढे ते स्वतःचीच नक्कल करू लागतात. म्हणून लाइट, फोकस, आवाज सगळं दुसऱ्या कोणाला उभं करून आधी तपासा. सातव्या टेकची वेळ आली तर कोन बदला, म्हणजे त्यांना पुन्हा नव्याने करावंसं वाटेल.

यात एक अडचण येणारच : दर टेकला शब्द आणि हात बदलतात, जोडकाम अवघड होतं. दोन कॅमेरे असतील तर एकाच वेळी लावा. नसतील तर हातांचे, सुपाचे, ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचे भरपूर वेगळे शॉट घ्या.

आणि त्यांचा दिवस बुडतो, हे विसरू नका. मजुरी आधी ठरवा, त्याच संध्याकाळी द्या. 'दोन तासांत सोडतो' म्हणालात तर दोन तासांत सोडा. धार काढायची वेळ झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर म्हशीशिवाय काही नसतं.

आठवडी बाजाराचा प्रसंग 25 माणसांत करायचाय. तालमीत सगळं खोटं दिसतं, सगळे एका दमात चालायला लागतात. (कोल्हापूर)

सगळे 'अ‍ॅक्शन'वर निघतात म्हणून. नायिकेच्या आधी तीन-चार सेकंद 'बॅकग्राउंड' अशी वेगळी हाक द्या, म्हणजे ती येते तेव्हा बाजार आधीच चालू असतो.

25 माणसं अशी वाटा : पाच विक्रेते जागेवर, आठ गिऱ्हाईकं दोघादोघांच्या जोड्यांत, नऊ जण येण्याजाण्यासाठी, म्हणजे ज्याला सेटवर पासिंग म्हणतात, आणि तीन जण अगदी लेन्सजवळून जाणारे. हे शेवटचे तीनच बाजार भरलेला दाखवतात. जवळून गेलेला एक धूसर खांदा मागच्या पाच माणसांएवढी जागा व्यापतो. त्यांना नायिकेच्या महत्त्वाच्या शब्दावर आडवं जाऊ देऊ नका, दोन वाक्यांच्या मधल्या फटीत सोडा.

पासिंगवाल्या प्रत्येकाला नंबर आणि खूण द्या. एक नंबर 'बॅकग्राउंड'वर, दोन नंबर तिने पिशवी उचलली की, तीन नंबर दोननंतर चार पावलांनी. फ्रेमबाहेर भाजीच्या क्रेटमागे एक असिस्टंट बसवून हाताच्या इशाऱ्याने सोडा. वेग वेगळा येण्यासाठी प्रत्येकाला कामावर पाठवा. एकाला मेथीची जुडी सडकी निघाली म्हणून परत द्यायचीय, दुसऱ्याची एसटी दहा मिनिटांत सुटतेय, तिसऱ्याला काहीच घ्यायचं नाही, सावली हवीय. 'नॉर्मल चाला' म्हटलं की माणूस चालणंच विसरतो.

जागेवर आवाज घेत असाल तर मागच्या लोकांनी फक्त ओठ हलवायचे, चपला काढता आल्या तर काढायच्या. बाजाराचा गलका शॉट संपल्यावर सगळ्यांना मोकळं बोलायला सांगून दोन-तीन मिनिटं वेगळा रेकॉर्ड करा. दर 'कट'नंतर 'पहिली पोझिशन' अशी हाक, आणि कोण कुठे उभं होतं याचा फोनवर एक फोटो. तोच माणूस दोनदा पाठवायचा असेल तर दिशा बदला, टोपी किंवा पिशवी द्या, आणि दुसऱ्यांदा लेन्सपासून लांब ठेवा.

एक आग्रहाने सांगतो. 'ए मॉब, इकडे या' ही हाक सेटवर ऐकू येता कामा नये. दादा, ताई, मावशी म्हणा. सावली आणि पाणी त्यांच्यासाठीही ठेवा. उन्हात तासभर ताटकळलेली गर्दी बाजाराला आल्यासारखी दिसत नाही, रांगेत उभी असल्यासारखी दिसते.

सहा वर्षांच्या मुलाला रडण्याचा प्रसंग आहे. त्याला खरंच रडवण्याखेरीज काही मार्ग? आणि किती तास काम करून घेता येतं? (ठाणे)

आधी कायदा. बालकामगार कायद्याच्या नियमांत 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे 14 वर्षांखालच्या मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करू देता येत नाही. निर्मात्याला ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस नेमावा लागतो, आणि मुलाच्या मिळकतीतला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. मुलाच्या मर्जीविरुद्ध काम करून घेता येत नाही, हेही नियमातच आहे.

त्यामुळे 'आई निघून गेली' असं खोटं सांगून रडवायचं नाही. चिमटा नाही, दरडावणं नाही. मूल त्या रडण्यातून बाहेर येत नाही आणि उरलेला दिवस तुमच्याकडे संशयाने बघतं. शिवाय त्याची गरजही नसते. पाठमोरी मान, खाली बघत शर्टाचं बटण फिरवणारी बोटं, ओठ आत ओढून गिळलेला आवंढा, आणि हे बघणाऱ्या मोठ्या माणसाचा चेहरा, एवढ्यावर प्रेक्षकाला रडू ऐकू येतं. 'बटण किती वेळा फिरतं मोज, पण मोजताना ओठ हलवायचे नाहीत' हा सहा वर्षांच्या मुलासाठी खेळ असतो आणि पडद्यावर ते दुःख दिसतं.

कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि तुम्हीही गुडघ्यांवर बसून बोला. टेक तोडू नका. रोल चालू ठेवूनच 'आता परत एकदा, जरा हळू' असं सांगा. प्रत्येक 'कट'ला त्याच्याभोवती मेकअप, माइक, लाइटवाले गोळा होतात आणि खेळ मोडतो. आई-वडील हाकेच्या अंतरावर हवेतच, पण नजरेच्या रेषेत नकोत, कारण प्रत्येक वाक्यानंतर मूल पसंतीसाठी तिकडे बघतं. आणि 'कित्ती गोड' म्हणू नका. जे गोड केलं तेच पुढच्या दहा टेकमध्ये परत येतं. 'छान ऐकलंस तू' असं म्हणा.

थपडेबद्दलही दोघांनी विचारलंय. लहान असो वा मोठा, खरी मारायची नाही. कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीमागे, खांद्यावरून. हात चेहऱ्याच्या पुढून, निदान वीतभर अंतर ठेवून जातो. समोरून बघणाऱ्या लेन्सला ते अंतर कळत नाही. हात गालासमोर आला की मार खाणाऱ्याने मान फिरवायची. नजरेने 'तयार' झाल्याची खूण तो देणार, मगच हात सुटणार. आवाज नंतर भरतात. आधी पाव वेगाने दहा वेळा, मग निम्म्या, मग पूर्ण.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या लघुपटात 70 वर्षांचे काका मुख्य भूमिकेत आहेत. उत्तम दिसतात, पण वाक्यं विसरतात आणि मी तिशीतला, त्यांना सांगायला संकोच वाटतो. (न्यू जर्सी)

संकोच सांगण्याच्या जागेचा असतो. चारचौघांत सांगू नका. बाजूला जाऊन 'काका, या वाक्याला तुम्ही तिला घरात ठेवून घेताय का सोडून देताय?' असा प्रश्न विचारा. उत्तर ते देतील आणि तेच करतील. तुम्ही सूचना दिलीच नाही, विचारलंत.

विसरण्याचा उपाय निराळा. लांब प्रसंग सलग घेऊ नका. दोन-तीन वाक्यांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा आधीच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करा, म्हणजे जोडायला जागा राहते. जिथे ते अडतात त्या वाक्याला एक कृती बांधा : चष्मा काढला की 'तुझी आई असती तर', वाटी सरकवली की पुढचं. हात वाक्याची आठवण करून देतो. लेन्सशेजारी कागद चिकटवू नका, वाचताना बुबुळं डावी-उजवी फिरतात आणि क्लोजअपमध्ये ते लगेच ओळखू येतं. त्यापेक्षा कॅमेऱ्याआड बसलेल्या एकाने अडल्यावर पहिले दोन शब्द हळू सांगावेत. काकांनी क्षणभर थांबून, समोरच्याकडे बघूनच वाक्य घ्यायचं. प्रॉम्प्टरचा आवाज संकलनात कापता येतो. म्हणून त्या शॉटमध्ये समोरच्या नटाला प्रॉम्प्टवर बोलू देऊ नका, दोन आवाज एकमेकांवर चढले तर कापायला जागा उरत नाही.

त्यांचे क्लोजअप जेवणाच्या सुट्टीच्या आधी उरका. समोरच्या तरुण कलाकाराचे नंतर घ्या, आणि तेव्हा काकांना कॅमेऱ्याबाहेर उभं न करता खुर्ची द्या. मात्र खुर्चीची उंची अशी ठेवा की त्यांचे डोळे आधीच्याच पातळीवर राहतील, नाहीतर समोरच्याची नजर खाली जाते आणि दोन शॉट जुळत नाहीत.